सांगवीच्या डोहातल्या माशांचं रक्त

प्रिय मुक्ता आणि सलील,

तुमच्या आईने पत्रात विचारलं होतं, पुण्याजवळचा कारखान्यांचा भाग बघून आलात तर मुलांसाठी चार फोटो पाठवा. फोटो नाहीत. चारही दिवस माझ्या हातात एक तर सुई होती, नाही तर पेन्सिल. म्हणून जे बघितलं ते लिहून पाठवते. दिवसवार लिहिते, कारण मी अजून रागात आहे आणि रागात क्रम सुटला की माणूस नुसता ओरडतो.

आधी गेले कशाला ते सांगते. नलिनी माझी जुनी विद्यार्थिनी. मी रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा ती पहिल्या बाकावर बसायची. आता ती पुण्यात शिकवते आणि सांगवीला राहते. तिचं पत्र आलं: पिंपरीतल्या एका कारखान्याचा नाला पवना नदीत पडतो, खाली सांगवीच्या डोहात मासे मरतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोयांपैकी हौसाबाई नावाच्या बाईने सरकारकडे तक्रार केली आहे. गुरुवारी अधिकारी चौकशीला येणार. कारखाना म्हणतो, मासे ठणठणीत आहेत. अधिकाऱ्याने तसं लिहिलं की तक्रार बंद, आणि डोहाकडे पुन्हा कुणी फिरकणार नाही. "बाई, मी माशांचं रक्त तपासते आहे, पण तुमची नजर हवी," असं शेवटी लिहिलं होतं. मी पिशवी भरली.

सोमवार, सांगवी

एसटीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाठ दुखली, एवढंच. सांगवी हे दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. एका अंगाला मुळा, तिच्या पलीकडे औंध. दुसऱ्या अंगाला पवना. नलिनीच्या घरातून पवना दिसत नाही, पण वासाने कळते. आपल्या खाडीलाही वास असतो, चिखलाचा आणि वाळत घातलेल्या मासळीचा. पाहुणे नाक दाबतात आणि आपण हसतो. इथला वास वेगळा. रॉकेल आणि कुजकी अंडी, आणि वर एक गोडसर झाक, तिने जास्त मळमळतं. पाण्यावर फेस होता. बायका हाताने फेस बाजूला सारून धुणं धूत होत्या. मी नलिनीकडे बघितलं तर ती म्हणाली, "सवय होते, बाई." मला पहिला राग आला तो या वाक्याचा.

दुसरा राग तासाभरात आला, आणि तो नलिनीवर.

तुम्हाला ताप आला की डॉक्टर रक्त तपासतात, तसंच हे. माशाच्या रक्तातही लाल पेशी असतात. आपल्या गोल, त्यांच्या लांबट, आणि मधे एक गडद ठिपका. पाणी वाईट असलं की या पेशी कमी होतात, त्यांचे आकार बिघडतात, रक्त फिकं पडतं. मासा वरून चकचकीत दिसतो, पोहतो, खातोसुद्धा. आजार आत असतो. नलिनीने नदीच्या वरच्या अंगाचे मासे आणि डोहातले मासे तपासून वही भरली होती. वरच्यांचं रक्त दाट, खालच्यांचं पातळ. फरक इतका मोठा होता की मला संशय आला.

"वरच्या माशांना सुई कुठे लावलीस?"

"इथेच, घरी. दुधाच्या कॅनमधून आणले. टेम्पोने."

"आणि डोहातल्यांना?"

"काठावरच. डोह पाच मिनिटांवर आहे ना, बाई."

मी वही मिटली. मासा घाबरला, दमला, की त्याचं शरीर साठवणीतल्या पेशी रक्तात ओततं. रक्त एकदम दाट होतं. तासभर कॅनमध्ये हिंदकळलेला मासा आणि पाण्यातून नुकता काढलेला मासा यांची तुलना करून ती बसली होती.

"यातला किती फरक नदीचा आणि किती कॅनचा, सांग मला."

"पण बाई, निकाल आपल्या बाजूचाच आला आहे."

हे वाक्य मी माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीच्या तोंडून ऐकलं. मी तिला फार बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही. शेजारच्या खोलीतून तिची सासू बाहेर येऊन बघून गेली. नलिनी उठली आणि वहीची पानं फाडायला लागली.

"फाडू नकोस. आडवी रेघ मार आणि कारण लिही. दोन्हीकडचे मासे काठावरच तपासायचे, दिवसाच्या एकाच वेळेला, सकाळी साडेसातला. बुधवारी वर, गुरुवारी खाली."

तिने रेघ मारली.

मंगळवार, भोसरी आणि डोह

काठावर तपासायचं तर रक्त फिरवायचं यंत्रही काठावर हवं. कॉलेजातलं विजेवर चालतं. नलिनीकडे एक जुनं हाताचं होतं: दांडा फिरवला की काचेच्या नळ्या गरगरतात, पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. तळाचा थर जितका उंच, तितका मासा धडधाकट. पण हे यंत्र कुणी तरी पाडलं होतं आणि त्याचा दात निसटत होता. आम्ही ते घेऊन भोसरीला युसूफभाईंच्या लेथच्या दुकानात गेलो. त्यांचे आजोबा इथेच टांग्यांची चाकं करायचे. आता हे कंपन्यांचे सुटे भाग करतात.

त्यांनी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. "अम्मा, यात लस्सी घुसळायची का?"

"माशाचं रक्त."

"माशाला रक्त असतं?"

"तुम्ही कधी मासा साफ केला आहे का?"

"घरवाली करते."

"मग आज घरी गेलात की तिला विचारा."

ते हसले आणि कामाला लागले. पितळेच्या तुकड्यातून नवा दात कापून, घासून, इतका नेमका बसवला की मी त्यांना दोनदा शाबासकी दिली. रक्त कशासाठी ते मी सांगितलं तेव्हा हात पुसत ते म्हणाले, "ती पिंपरीची कंपनी ना? मी माल द्यायला जातो तिथे. गेटच्या आत मोठा हौद आहे. त्यात त्यांचंच सांडपाणी, साफ केलेलं, आणि त्यात मासे. पाटी पण लावली आहे. मस्त फिरतात, राव. मग तुम्ही रक्त कशाला काढता?"

"फिरणारा माणूस आजारी नसतो का?"

"ते पण खरं आहे," ते म्हणाले. "मला शुगर आहे, मी पण फिरतोच."

भोसरीहून परत येऊन ऊन उतरल्यावर डोहावर गेलो. हौसाबाई काठावर जाळं दुरुस्त करत बसली होती. पन्नाशीची, काटक, कासोटा घट्ट.

"या, रक्तवाल्या बाई," ती म्हणाली. "माजं बी काडनार का?"

"तुमचं कशाला?"

"म्या बी ह्याच पान्यावर वाडलीय."

बाजूला एक खुंटी होती. तिला बांधलेली दोरी तिने ओढली तर दोन मरळ वर आल्या. काळपट, जाड, डोकं सापासारखं. खालच्या ओठाला भोक पाडून त्यातून दोरा ओवलेला होता. विकेपर्यंत जिवंत राहाव्यात म्हणून इथले भोई अशा बांधून पाण्यात सोडतात. आपल्याकडे पागाच्या जाळ्याने मारलेली मासळी टोपलीत पडते ती पडते. दावणीला बांधलेले मासे मी पहिल्यांदा बघितले. मरळ मधूनमधून तोंड वर काढून हवा घेत होत्या.

"या कोण घेतं?"

"खडकीचा बाजार. आन दर म्हैन्याला एक माळी येतोय सायकलीवर. जित्तीच पायजे म्हनतो, बादलीतनं नेतो."

"आणि तुम्ही घरी खाता?"

"न्हाई. वास मारतोय, कंदिलाच्या तेलावानी. आमी सुकट खातो."

"स्वतः खात नाही, आणि दुसऱ्याला विकता?"

तिने जाळ्यातून मान वर केली. "मंग काय इकू, बाई? फेस इकू?"

मला तिचा राग आला होता, हे खरं आहे, आणि घरी परत येईपर्यंत तो टिकला नाही, हेही खरं आहे. निघताना ती म्हणाली, "माजा सासरा, त्येचा बाप, समदी हितंच. साहेबानं येकदा लिवलं की मासा बरा हाय, की झालं. मंग आमी कुनाला सांगायचं?"

बुधवार, नदीच्या वरच्या अंगाला

सकाळी सातला आम्ही रावेतच्याही वर पोचलो. हौसाबाई जाळं घेऊन बरोबर आली होती. तीच नदी, पण तळाचे खडक दिसत होते. हौसाबाई बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग वाकून ओंजळभर पाणी प्यायली.

तिने फेकजाळं टाकलं. वरच्या धरणात रोहूची पिल्लं सोडलेली असतात, त्यातली काही खाली उतरतात. सहा रोहू मिळाले. काम असं: मासा ओल्या फडक्यात धरायचा, डोळे झाकायचे म्हणजे तो शांत होतो, आणि शेपटीजवळ सुई घालायची. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध फिरवलेलं. सगळं एका मिनिटाच्या आत. मी सुई लावत होते, नलिनी वेळ बोलत होती आणि लिहीत होती. मग ती यंत्र फिरवायला बसली, मी घड्याळ धरून. तिचे हात भरून आले तेव्हा हौसाबाईने तिला ढकललं. "सर गं ताई. जातं ओडलेलं न्हाई तुमी." आणि तिने उरलेला सगळा वेळ एका चालीत दांडा फिरवला. युसूफभाईंचा दात हलला नाही.

तळाला दाट, लालभडक थर बसला. काचेच्या पट्टीवर थेंब पसरून नलिनीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. सगळ्या पेशी एका मापाच्या, ओळीत मांडल्यासारख्या.

मासे वाया घालवायचे नाहीत, हे हौसाबाईने आधीच बजावलं होतं. तिने तिथेच तीन दगड मांडून कालवण केलं. आपल्याकडे नारळ आणि तिरफळ. हिने कांदा भाजून, काळं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घातलं. रश्शाला इतका दाटपणा मला रुचेल असं वाटलं नव्हतं. काटे फार होते, दोन माझ्या घशात अडकले, आणि भाकरीचा कोरडा घास गिळून उतरवले. हौसाबाईने चार तुकडे खाल्ले. नदीचा मासा तिने किती दिवसांनी खाल्ला ते मी विचारलं नाही.

गुरुवार, डोह आणि कारखान्याचं गेट

साडेसातला डोहावर. तीच सुई, तेच फडकं, तेच हात. सहा रोहू मिळायला दोन तास लागले. तीनदा जाळं रिकामं आलं आणि एकदा त्यात मेलेला मासा आला, तो आम्ही धरला नाही.

मासे वरून चांगले दिसत होते. रक्त फिकं होतं. यंत्रातल्या नळीत थर कालच्याहून खाली राहिला. भिंगाखाली काही पेशी सुरकुतलेल्या, काही अर्धवट वाढलेल्या, जणू शरीराने घाईघाईत कच्चा माल बाहेर पाठवला होता. नलिनीच्या पहिल्या वहीपेक्षा फरक कमी होता. पण सहाच्या सहा माशांत होता, आणि आता तो नदीचाच होता. नलिनीने माझ्याकडे न बघता म्हटलं, "रेघ मारली ते बरं झालं, बाई."

बाराला गेटवर गेलो. चौकशी अधिकारी झाडाखाली खुर्चीवर बसले होते. कारखान्याचा रसायनतज्ज्ञ तरुण होता, टाय लावलेला, फार अदबीने बोलणारा. आम्हाला दोघींना खुर्च्या आल्या. हौसाबाईला कुणी खुर्ची दिली नाही म्हणून मीही उभी राहिले. तिला कळेना मी का बसत नाही.

रसायनतज्ज्ञ आम्हाला हौदाकडे घेऊन गेला. "आमचं प्रक्रिया केलेलं पाणी. मासे इथे बारा महिने राहतात. साहेब, आपल्या डोळ्यांनी पाहा."

हौदात पाच-सहा मरळ फिरत होत्या.

हौसाबाई कठड्यावरून वाकली. "ही माजी हाय," ती म्हणाली. "ती बी. ह्येंच्या ओठाला बघा. ही भोकं म्या पाडल्यात."

गेटवरचा वॉचमन हसला आणि लगेच थांबला. रसायनतज्ज्ञ म्हणाला, "मासे कुठून तरी आणावेच लागतात."

"त्यो सायकलवाला माळी तुमचाच की. पन दर म्हैन्याला नवी? जुनी कुटं जात्यात?"

मी अधिकाऱ्यांना सांगितलं, की मरळ वर येऊन हवा घेते. चिखलात, डबक्यात, नुसत्या ओल्या गवतातही ती बराच वेळ जगते. पाणी चांगलं आहे का ते विचारायला हिच्याइतका नालायक साक्षीदार दुसरा नाही. हौदात पाण्यातूनच श्वास घेणारे रोहू सोडा आणि संध्याकाळी किती जगले ते मोजा.

अधिकारी माझं ऐकत होते असं मला वाटलं. मग ते हौसाबाईकडे वळले. "म्हणजे बाई, हे मासे तुमच्या डोहातले?"

"व्हय."

"जिवंत पकडलेले?"

"मंग? मेल्याला कोन घेतंय?"

"आणि तुम्ही ते बाजारात विकता."

"इकती की."

त्यांनी लिहून घेतलं. खरं बोलणाऱ्या बाईला तिच्याच शब्दांत कसं गुंडाळतात, ते मी समोर उभी राहून बघितलं. मी वही पुढे केली.

त्यांनी चार पानं उलटली. "हे रक्तबिक्त कॉलेजात ठीक आहे, आजीबाई."

"मी तुमची आजी नाही. नुसतं बाई म्हणा."

रसायनतज्ज्ञाने वही मात्र नीट वाचली. त्याला कळत होतं, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. तो म्हणाला, "यात मरळीचं रक्त नाही. हौदातले मासे आजारी आहेत असं तुम्ही म्हणू शकता का?"

"नाही. वरच्या अंगाची मरळ मला मिळाली नाही. तुलना केल्याशिवाय मी बोलत नाही."

"म्हणजे या माशांबद्दल तुम्हाला काहीच सांगता येत नाही."

"येत नाही. रोहूबद्दल सांगता येतं, ते तुम्ही विचारत नाही. तुमच्या हौदात रोहू का नाहीत, हे मी तुम्हाला विचारते."

त्याने वही मिटून, दोन्ही हातांनी, अदबीने मला परत दिली.

अधिकाऱ्यांनी जबाब इंग्रजीत लिहिला आणि हौसाबाईला मराठीत वाचून दाखवला. "तक्रारदाराचं म्हणणं ऐकून घेतलं. हौदाची पाहणी केली. शिक्षिकांनी माशांच्या तपासणीची वही दाखवली." एवढंच. "ठीक आहे ना? मग इथे अंगठा." शाईचं पॅड उघडून त्यांनी पुढे केलं. हौसाबाईने अंगठा शाईवर टेकवलाही होता.

"साक्षीदार म्हणून माझी सही हवी ना?" मी म्हणाले. "मी वाचल्याशिवाय करत नाही." आणि कागद ओढून घेतला.

कागदावर इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, की तक्रारदाराने डोहात मासे जिवंत आणि विक्रीयोग्य असल्याचं स्वतः कबूल केलं. कारखान्याच्या हौदातले मासे निरोगी आढळले. तक्रारीत तथ्य नाही. प्रकरण बंद करावं. आमच्या वहीचा एक शब्द नव्हता. मुलांनो, माझ्या वडिलांनी त्या काळात चार माणसांचं ऐकून घेऊन मला इंग्रजी शाळेत घातलं. त्या भाषेत मी परीक्षा दिल्या, मुलींना शिकवलं, आता तुम्हाला वाढदिवसाची पत्रं लिहिते. त्या भाषेचा असा उपयोग माझ्यासमोर कुणी केला नव्हता.

मी ते ओळीन्‌ओळ हौसाबाईला मराठीत सांगितलं. आवाज चढू दिला नाही. नलिनी म्हणते, चढला होता.

"भाषेचा थोडा फरक पडतो," अधिकारी म्हणाले.

"मला दोन्ही येतात."

हौसाबाईने काळा अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली घातली.

"बाई, अंगठा द्या. उशीर होतो आहे."

"न्हाई देनार."

"अहो, तक्रार तुमची. तुमच्या अंगठ्याशिवाय हे प्रकरण मी बंद कसं करू?"

"मंग नगा करू बंद," ती म्हणाली.

रसायनतज्ज्ञाने चहा मागवला, तो आला, कुणी घेतला नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी तो कागद आडवी रेघ मारून बाजूला ठेवला. नवा कोरा कागद घेऊन त्यावर पुढच्या चौकशीची तारीख घातली आणि खाली लिहिलं, की नदीच्या वरच्या अंगाच्या आणि डोहातल्या माशांची तपासणी आता अधिकाऱ्यासमोर व्हावी. तो कागद त्यांनी माझ्याकडे न देता हौसाबाईच्या हातात दिला. तिने तो माझ्यापुढे धरला.

या वेळी त्यांनी मराठीत लिहिलं होतं.